पाहुण्याच्या खोलीचे कवेलू

इतिहासाच्या पुस्तकांत किल्ले, लढाया आणि राजघराणी यांना जागा मिळते. दरवर्षी मृगापूर्वी छपरावर चढून कवेलू फेरणाऱ्या माणसाला ती मिळत नाही. तथापि पावसाळी मुलुखातील आतिथ्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ याच माणसापासून करावा लागेल. निमंत्रण कितीही गोड असले, तरी पाहुण्याच्या अंथरुणावर पाणी गळत असेल तर ते निमंत्रण खोटे ठरते.

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला नरखेड तालुका आहे. पूर्वी हा भाग काटोल तहसिलीत मोडत असे. पश्चिमेला वर्धा नदी, उत्तरेला सातपुड्याच्या टेकड्या आणि मध्ये संत्र्यांच्या बागा असलेली काळी जमीन, असे या प्रदेशाचे रूप आहे. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एकदा झड लागली की दोन-दोन, तीन-तीन दिवस सूर्यदर्शन होत नाही. नदी-नाल्यांना पूर आला की वाटसरू जेथे असेल तेथेच अडकून पडतो. म्हणून बऱ्या स्थितीतील शेतकऱ्याच्या वाड्यात परसाकडे एखादी सुटी खोली राखलेली असे. सोयरेधायरे, कीर्तनकार, संत्र्यांचा व्यापारी, दौऱ्यावरचा कारकून, ज्याला रात्र काढावयाची असेल त्याच्यासाठी ती असे. १८८७ साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली. त्या काळी खेडोपाडी पायी वा बैलगाडीने हिंडणाऱ्या मिशनऱ्यालाही पावसाळ्यात असाच कुणाच्या तरी छपराचा आसरा घ्यावा लागे.

या खोलीची निगा हे एक वार्षिक व्रतच होते. येथील गावरान कवेलू अर्धगोल असतात. कुंभार चाकावर निमुळती नळी घडवितो, ती ओली असतानाच उभी चिरून तिचे दोन भाग करतो आणि मग भाजतो. छपराच्या फाट्यांवर बांबूच्या कमच्या बांधून त्यांवर हे कवेलू एक उताणे व एक पालथे असे रचतात. ते खिळ्यांनी जखडलेले नसतात. त्यामुळे वैशाखातील वावटळी, मांजरे आणि विशेषतः वानरांच्या टोळ्या यांनी ते वर्षभरात सरकतात व फुटतात. म्हणून रोहिणी नक्षत्र संपण्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात. सर्व कवेलू उतरवून, पालापाचोळा झाडून, फुटके वेगळे काढून, कुजलेल्या कमच्या बदलून, वळचणीपासून आढ्यापर्यंत पुन्हा रचत जायचे, असे हे काम असते. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तापलेल्या छपरावर बसून ते करावे लागते.

छपरानंतर भिंतींची पाळी येते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाशी पाणी मुरले तर भिंतीलाही भेगा पडतात. त्यासाठी जोत्याभोवती मुरूम दाबून पाण्याला वाट करून दिली जाई. पावसाचा मारा ज्या बाजूने येतो त्या भिंतीला पऱ्हाट्यांचा कुड लावीत. पावसाळ्यातही खोली बंद ठेवून चालत नसे. पाहुणा नसला तरी मधूनमधून तेथे चूल पेटवून धूर करावा लागे, अंथरुणे उन्हाच्या तिरिपेत घालावी लागत आणि वाळवीचा माग काढावा लागे. दसरा-दिवाळीला सारवण व चुन्याचा हात झाला की वर्षाचे चक्र पूर्ण होई.

परंतु हे काम कुणाच्या हातांनी होत होते, हा प्रश्न इतिहासकाराला टाळता येणार नाही. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि पुढे इंग्रजांनी येथे मालगुजारीची घडी बसविली. मालगुजार गावाचा मालक ठरला. मालगुजारी अमलात बिगारीचीही प्रथा होती. मालकाची वा दौऱ्यावरील अंमलदाराची कामे गोरगरिबांनी मोबदल्याशिवाय करावयाची, असा तिचा अर्थ होता. कवेलू फेरण्याचा हंगाम तर आठ-पंधरा दिवसांचा. दुसऱ्याच्या छपरावर हे दिवस फुकट गेले की स्वतःच्या झोपडीकडे पाहावयास सवड उरत नाही. पाहुण्याची खोली कोरडी आणि ती कोरडी ठेवणाऱ्याचे घर गळके, हा आपल्या आतिथ्याच्या इतिहासातील एक डाग आहे. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने बिगारीस बंदी केली. १९५१ च्या मार्चअखेरीस मालगुजारीही संपुष्टात आली.

पवित्र शास्त्राने हा डाग फार पूर्वी ओळखला होता. शेजाऱ्याकडून फुकट काम करवून घेऊन, अन्यायाने माड्या चढविणाऱ्या यहोयाकीम राजाची यिर्मया संदेष्ट्याने कडक शब्दांत निर्भर्त्सना केली आहे. याउलट शुनेम गावच्या त्या बाईची गोष्ट पाहा. अलीशा संदेष्टा येता-जाता आपल्याकडे थांबतो, हे पाहून तिने नवऱ्याच्या संमतीने गच्चीवर त्याच्यासाठी लहानशी खोली बांधविली आणि तेथे खाट, मेज, बैठक व दिवा ठेवला. त्या देशातील छपरे मातीची व सपाट असत. पाऊस पडून गेला की दगडी रूळ फिरवून ती पुन्हा दाबावी लागत. असे रूळ तेथील उत्खननांत सापडले आहेत. कफर्णहूमच्या चौघांना छप्पर उकरून पक्षाघाती मित्राला प्रभू येशूसमोर उतरविता आले, तेही छप्पर मातीचे होते म्हणूनच.

आपल्या मराठवाड्यातील धाब्याची घरे याच जातीची. गळती दिसली की वर मातीचा आणखी एक थर टाकावयाचा, अशी तेथे वहिवाट पडली होती. पिढ्यान्‌पिढ्या जुनी माती न काढता नवी चढत गेली आणि कित्येक घरांवर ती दोन-दोन फूट जाड झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि त्या छपरांचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. डागडुजी केवळ श्रमाने होत नाही, तिला विवेक लागतो, हा धडा फार महाग पडला. कवेलू फेरणारा आधी सारे उतरवितो आणि मगच पुन्हा रचतो, यातील शहाणपण अशा वेळी कळते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ५३व्या प्रकरणात हा विवेक आढळतो. पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्ताप्रमाणे करावे, असे ते सांगतातच; पण तेथेच थांबत नाहीत. पाहुण्यांची खोली एका देवभीरू बंधूकडे सोपवावी, तेथे पुरेशी अंथरुणे तयार असावीत आणि पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांना कुरकुर न करता सेवा करता यावी म्हणून गरजेप्रमाणे मदतनीस द्यावेत, अशी व्यवस्था ते लावून देतात. पाहुण्याबरोबर राबणाऱ्याचाही विचार करणारे आतिथ्यच ख्रिस्ती म्हणावे लागेल.

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली यंत्राने कौले बनविण्याचा कारखाना काढला. तेथून पसरलेल्या या चपट्या कौलांना विदर्भात ‘इंग्रजी कवेलू’ असे नाव पडले. पुढे पत्रा आला, मग स्लॅब आला. छपरावर चढण्याचे वार्षिक कष्ट बरेच कमी झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र स्लॅबला निगा लागत नाही, हा समज खोटा आहे. गच्चीचे पन्हळ पाल्याने तुंबले की पाणी साचते, बारीक भेगांतून झिरपते, आतील लोखंड गंजते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात.

मानवी निगेला मर्यादा आहेत, हेही नरखेड तालुक्याने पाहिले आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने मोवाड गाव उद्ध्वस्त केले. २०४ माणसे दगावली. त्या दिवशी नीट फेरलेले छप्पर आणि गळके छप्पर यांत नदीने भेद केला नाही. कालपर्यंत जे यजमान होते, ते एका दिवसात निराश्रित झाले आणि दुसऱ्याच्या छपराखाली राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. पुढे गावाचे पुनर्वसन झाले. अशा प्रसंगी आसपासच्या गावांतील प्रत्येक कोरडी खोली मोलाची ठरते, आणि तिची कवेलू पूर येण्यापूर्वीच फेरलेली असावी लागतात.

आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत आज पाहुण्यांसाठी खोली आहे. मे महिन्यात तिचे छप्पर तपासावे, पन्हळ मोकळे करावे, भिंतींच्या भेगा बुजवाव्यात. जो माणूस आपल्यासाठी वर चढतो, त्याला त्याच दिवशी पुरी मजुरी द्यावी. आणि मजुरी देताना त्याला एवढे अवश्य विचारावे, की त्याच्या स्वतःच्या घराचे छप्पर फेरून झाले आहे काय.