माणकाची साक्ष

देवदेवतांच्या अलंकारांत माणकाचा मान मोठा. नवग्रहांच्या रत्नांत ते सूर्याचे रत्न होय. माणिक स्वतःच्या तेजाने प्रकाशते ही समजूत फार जुनी असून तिची एक नोंद गोव्यातच मुद्रित झालेली आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. रात्री चमकताना दिसलेल्या एका माणकाची, जवाहिऱ्याच्या तोंडून ऐकलेली हकीकत त्यात आहे.

ऐकीव साक्ष न्यायासनापुढे सहसा टिकत नाही. परंतु साक्ष ऐकीव आहे एवढ्यावरून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही. तिची स्वतंत्र चौकशी व्हावी लागते. माणकाच्या बाबतीत ती चौकशी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये झाली. माणिक म्हणजे अॅल्युमिनियम या धातूचे स्फटिकरूप ऑक्साइड. शुद्ध असता ते रंगहीन असते. एडमंड बेक्रेल यांनी क्षणार्धात मावळणारी दीप्ती पाहण्यासाठी खास यंत्र तयार केले. माणकाची तांबडी दीप्ती ही त्या ऑक्साइडचीच, असे त्यांचे मत होते. लकोक द ब्वाबोद्राँ यांनी ते खोडून काढले व त्यात मिसळलेल्या किंचित क्रोमियमवाचून ही दीप्ती नाही असे दाखविले. क्रोमियम हिरवा व जांभळा प्रकाश शोषून तांबडा प्रकाश परत देते. मात्र बाहेरचा प्रकाश सरल्यावर ही दीप्ती सेकंदाच्या काही सहस्रांशांतच विझते. तात्पर्य, जवाहिऱ्याची अंधारातील कथा टिकत नाही. पण उन्हात माणिक स्वतःचा प्रकाश टाकते, ही गोष्ट खरी ठरते.

या दीप्तीतूनच पुढचा इतिहास घडला. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीवर दिव्याचा प्रखर झोत सोडला आणि पहिला लेसर प्रकाशमान झाला. त्यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ने नाकारला, तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘नेचर’ने छापला.

पुढल्याच वर्षी, १९६१ साली, मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांचे सहकारी यांनी माणकाच्या लेसरचा किरण क्वार्ट्झमधून पाठविला. आपल्याकडे ज्याची शिवलिंगे व जपमाळा करतात, तोच हा स्फटिक. एरवी पारदर्शक पदार्थातून जाताना प्रकाशाचा रंग बदलत नाही. पण प्रकाश अतिप्रखर झाला की पदार्थातील इलेक्ट्रॉनांची आंदोलने त्याच्या प्रमाणात राहत नाहीत आणि दुप्पट कंप्रतेचा नवा प्रकाश उपजतो. ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या किरणातून ३४७ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील किरण निघाला. अरेषीय प्रकाशविज्ञानाचा खरा आरंभ येथून मानतात. या किरणाचा पुरावा म्हणजे छायाचित्रपटलावरील एक अंधुक ठिपका. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये निबंध छापताना तो ठिपका धुळीचा डाग समजून पुसला गेला! छापील चित्रात बाण राहिला. बाणाने जे दाखवायचे तेच नाहीसे झाले.

एखाद्या दाव्यात मूळ दस्तऐवजच नष्ट झाला, तर पक्षकाराचे बहुधा सर्वस्व बुडते. येथे तसे झाले नाही. कारण खरा साक्षीदार कागद नव्हता, स्फटिक होता. आणि त्याला कोणीही, कोठेही, पुन्हा साक्षीला बोलावू शकत होते. आज झिंक ऑक्साइड, बेरियम टायटनेट अशा धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनोकणही हीच साक्ष देतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असे कण कंप्रता दुप्पट करू शकतात. रंगद्रव्यांची दीप्ती वापराने फिकी पडते. हा प्रकाश मात्र शोषणावर अवलंबून नसल्यामुळे तसा मावळत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली खुणेसाठी अशा कणांचा उपयोग केला जातो.

आमच्या समाजात दोन घाई दिसतात. पूर्वजांना सारे ठाऊक होते असे म्हणण्याची एक, आणि जुने ते सारे भाकड म्हणण्याची दुसरी. दोहोंतही चौकशीवाचून निकाल दिला जातो. माणकाने जवाहिऱ्याची अर्धी कथा खोटी ठरविली व अर्धी खरी. शास्त्रज्ञाचे मत खोडले आणि पुसलेला ठिपकाही पुन्हा सिद्ध केला. देवाच्या मुकुटातील माणिक पाहताना हात अवश्य जोडावे. पण त्याची साक्ष पुरती ऐकून घ्यावी, एवढीच आमची विनंती.