वतन सोडणारा कुळकर्णी : श्री सोहिरोबानाथ आंबिये

आपल्या मुरगाव महालातील महाजन कुळांच्या स्मृतीत स्थलांतर खोल रुतून बसले आहे. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळास, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आणि सांकवाळचा श्रीलक्ष्मीनृसिंह वेलिंगेस गेला. ती जाणी सक्तीची होती. त्यानंतर दोन शतकांनी पेडण्याकडील एका सारस्वत पुरुषाने मात्र स्वेच्छेने घरदार सोडले, त्याची ही कथा.

सोहिरोबांचे घराणे पेडणे महालातील पालये गावचे, वास्तव्य बांद्याचे. जन्म १७१४ चा, मूळ नाव अच्युत. घरी कुळकर्णाचे वतन होते. पेडणे त्या काळी सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते. ते पोर्तुगीजांकडे गेले १७८८ मध्ये. वतनदार म्हटला की मान होता. पण दरबारातून बोलावणे आले की हातातले काम टाकून निघावे लागे.

असेच एकदा तातडीचे बोलावणे आले. परंपरा सांगते की, तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते. उपाशीपोटी वाडीची वाट धरली. इन्सुलीच्या रानात पिकलेला फणस फोडून खायला बसले, तोच एक सिद्धपुरुष पुढे ठाकला व त्याने वाटा मागितला. सोहिरोबांनी गरे पुढे केले. त्या अतिथीने त्यांना सोऽहं-बोध दिला. तो अतिथी म्हणजे गहिनीनाथ, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. चमत्कार ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने घ्यावा. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते पुढचे : भुकेला कारकून रानात शिरला, आणि बाहेर पडला तो कुळकर्णपणाचा राजीनामा देण्यासाठी. चरितार्थाचे वतन सोडणे हे संसारी माणसास काही थोडे नव्हे.

मात्र त्यांनी लगेच भगवी वस्त्रे धारण केली नाहीत. पुढची सुमारे पंचवीस वर्षे ते घरीच राहिले. कीर्तन, पदरचना व ग्रंथलेखन चालू होते. ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अद्वयानंद’ आणि ‘महदनुभवेश्वरी’ हे त्यांचे ग्रंथ अद्वैत व नाथपंथीय योग यांचा मेळ घालतात. ग्रंथ कठीण खरे. पदे मात्र सर्वांच्या तोंडी बसली.

साठीच्या सुमारास ते तीर्थाटनास निघाले व उत्तरेत पोहोचले. तेथे महादजी शिंद्यांच्या पदरी पेडण्यातील केरीचे जिवबादादा बक्षी मोठ्या अधिकारावर होते. त्यांच्यामुळे महादजींची भेट झाली. महादजी स्वतः पदे रचीत. त्यांची कविता पाहून सोहिरोबांनी स्तुती केली नाही. फकिराला सरदाराची गरज नाही, अशा अर्थाचे हिंदी पद तिथल्या तिथे ऐकविले, असे सांगतात. एका दरबारचे बोलावणे ज्याने पूर्वी शिरसावंद्य मानले, तोच हा पुरुष!

अखेरचा मुक्काम उज्जैनीस पडला. १७९२ साली तेथील मठातून ते गुप्त झाले, अशी परंपरा आहे.

पेडण्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयास आज त्यांचे नाव आहे. आणि कुठ्ठाळीहून गेलेल्या मंगेशाच्या सावलीत वाढलेल्या पं. जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) यांनी त्यांची पदे गाऊन महाराष्ट्रभर नेली.