मोगलाईतून अजब बंगल्यात

1937 सालचा जानेवारी. तुम्ही बेल्याचे, म्हणजे एदलाबाद जिल्ह्यातले, निजामाच्या राज्यातले. पैनगंगेपलीकडची माणसं तुमच्या मुलखाला सरळ ‘मोगलाई’ म्हणतात. कापूस विकून झालाय, हाती चार पैसे आहेत, आणि उसंत काढून तुम्ही नागपूरला निघाला आहात. पासपोर्ट लागत नाही. पण राज्य बदलतं, नाणं बदलतं, कचेरीतली भाषा बदलते, वर जकातही भरावी लागते. परदेश म्हणायला आणखी काय हवं?

करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई दमणीत डोकावतो. ‘क्या माल है, पाटील?’

‘माल नाही जी, शिदोरी आहे.’

तो भाकरीचं गाठोडं दाबून पाहतो. कापडाचा गठ्ठा असता तर शेकडा पाच मोजावे लागले असते. भाकरी-ठेच्यावर अजून कर बसलेला नाही. पुढे नदी. पौषात पाणी उतरलेलं असतं, तरी बैल काठाशी अडतातच.

पलीकडे वऱ्हाड. कागदोपत्री तेही निजामाचंच, पण 1853 पासून कारभार इंग्रजांचा. गेल्याच वर्षी निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. किताबच तो, त्यानं वणीच्या बाजारात निजामाच्या रुपयाचं वजन काही वाढलं नाही. सराफाकडे सात हाली रुपये टाकावे तेव्हा सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हातात पडतात. देण्याआधी एक रुपया उजेडात धरून बघा. त्यावर चारमिनार आहे, चारी मिनार अगदी वेगवेगळे मोजता येतील असा, आणि मधल्या कमानीत एक अक्षर बसवलंय: ऐन, म्हणजे निजाम उस्मान अली खानांचं आद्याक्षर. कलदारावर पंचम जॉर्जचं मुंडकं. कारागिरीच्या बाबतीत तुमचंच नाणं सरस, असं माझं मत. सराफाला त्याचं काय!

वरोऱ्याला आगगाडी, वर्ध्याला बदल, आणि नागपूर. स्टेशनाबाहेर टांगेवाल्याला ‘सेंट्रल म्युझियम’ म्हणून पाहा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. ‘अजब बंगला’ म्हणा. लगेच लगाम ओढतो.

हा बंगला 1863 चा. रिचर्ड टेम्पल तेव्हा मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. त्यांचे स्नेही पाद्री हिस्लॉप हे रानोमाळ हिंडून दगडधोंडे, जीवाश्म गोळा करणारे. त्याच वर्षी सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते वाहून गेले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातल्या पोरांना तरी ही हकीकत ठाऊक असेल का, कोण जाणे.

आत शिरलात की पेंढा भरलेली जनावरं. त्यांच्यापाशी फार थांबू नका. वाघ तुम्ही याहून जवळून पाहिलाय आणि तो असा गप्प उभा नव्हता. पुढे मूर्तींचं दालन. शंख-चक्र धरलेला विष्णू दिसतो आणि तुम्ही सवयीनं वहाणा काढता, हात जोडता. पहारेकरी जवळ येतो.

‘हा देव पुजायचा नाही जी, पाहायचा आहे. कोठून आले?’

‘बेल्याहून.’

‘म्हणजे मोगलाईतले!’ तो तुम्हालाच आता नवलाईनं न्याहाळतो. ‘तुमच्या निजामाकडे तर याहून भारी असेल?’

असेल नाही, आहेच. हैदराबादेत बागे-आममध्ये 1931 पासून सरकारी म्युझियम आहे. अजिंठा तर निजामाच्याच राज्यात. तिथली चित्रं सावरायला 1920 च्या सुमारास त्यानं इटलीहून कारागीर आणवले होते. पण बेल्याच्या माणसाला आपली राजधानी लांब आणि नागपूर जवळ. स्वदेशातली कला बघायची ऐपत नाही, परदेशातली मात्र दमणी आणि थर्ड क्लासच्या तिकिटात भागते. हे पहारेकऱ्याला कशाला सांगत बसता? ‘लय भारी आहे,’ एवढं म्हणा आणि पुढे सरका.

कारण पुढे गुंगेरियाचा ठेवा आहे. 1870 मध्ये बालाघाट जिल्ह्यात गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून धातूचं टोक वर आलेलं दिसलं. उकरलं तर तांब्याची 424 हत्यारं आणि चांदीचे 102 पत्रे निघाले. सगळा ठेवा इथे नाही, काही भाग पार लंडनला गेला. पण आहे तोही बघण्याजोगा. चांदीचे पत्रे कागदासारखे पातळ. काही नुसते गोल, काही बैलाच्या तोंडासारखे, शिंगं खाली वळलेली. कुणाच्या पूजेचे की नुसत्या हौसेचे, ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. तुमची नजर मात्र तांब्याच्या कुऱ्हाडींवर. चपटं पातं, धारेकडे पसरत गेलेलं, दांड्यासाठी भोक नाही. म्हणजे लाकूड चिरून त्यात खोचायचं आणि वादीनं आवळायचं. तुम्ही काचेवर बोट ठेवून दांडा कुठपर्यंत आला असता ते मापता.

‘हात नका लावू जी.’

‘धार गेली आहे फक्त,’ तुम्ही म्हणता. ‘लोहाराकडे नेली तर अजून चार पावसाळे चालेल.’

पहारेकरी वाकून, बहुधा पहिल्यांदाच, त्या पात्याची धार बघतो.