जुने किल्लारी
१. इथे ‘गाव’ म्हणजे जुने किल्लारी (ता. औसा, जि. लातूर), आजची वस्ती भूकंपानंतर दुसऱ्या जागी वसवलेली आहे. जुनी घरे माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, लाकडी खण, वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडे, म्हणून छप्पर वर्षागणिक जड होई. चैत्र-वैशाखात या घरांइतका गारवा दुसरीकडे नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३.५६ वाजता, गणपती बोळवून गाव झोपलेले असताना, याच भिंती अंगावर आल्या. ‘माळवद’ हा शब्द वाचकाने त्या दोन्ही आठवणींसह वाचावा, एवढ्यासाठी ही टीप लांबवली.