मोटरसायकल, कागद आणि परवानगी

गेले पंधरा दिवस दोन बायकांनी माझं डोकं व्यापून टाकलंय. दोघीही इंग्लंडच्या, आणि दोघीही आज हयात नाहीत. एक थेरेसा वॉलॅक, दुसरी फ्लॉरेन्स ब्लेंकिरन. ११ डिसेंबर १९३४ रोजी या दोघी लंडनहून मोटरसायकलवर निघाल्या आणि २९ जुलै १९३५ ला आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकाला, केपटाऊनला पोचल्या. साडेसात महिने. मधे अख्खं सहारा वाळवंट. आणि सोबत साधं होकायंत्रसुद्धा नाही!

आता हे मधेच कुठून आलं? तर आमची भाची आणि जावईबापू यांनी येत्या जूनमध्ये मोंबासा ते केपटाऊन मोटरसायकलने जायचं ठरवलंय. गाडी न्हावाशेवाहून बोटीने जाणार, हे दोघं विमानाने. घरात अर्थातच दोन तट पडलेत. ताईचं म्हणणं, "तुझं ऐकते ती, तूच समजाव." समजावायचं म्हणजे जाऊ नको म्हणून सांगायचं, हे वेगळं सांगायला नको. पण दुसऱ्याला समजावायचं तर आधी आपल्याला थोडं तरी समजलेलं असावं, म्हणून वाचायला बसलो आणि या दोघी भेटल्या.

त्यांची गाडी म्हणजे यॉर्कशायरमधल्या फेलन अँड मूर कंपनीची पँथर. सहाशे सीसी, एकच सिलिंडर. 'शोले'तल्या जय-वीरूच्या गाडीला होती तशी साइडकार, आणि त्याच्यामागे आणखी एक ट्रेलर. तंबू, भांडीकुंडी, सुटे भाग, सगळा संसार त्यात. निरोप द्यायला लेडी अ‍ॅस्टर आल्या होत्या. ब्रिटिश संसदेत बसलेली पहिली स्त्री खासदार ती हीच (१९१९). म्हणजे थाटमाट होता, वर्तमानपत्रांत नाव होतं.

पण थाटमाटाने वाळवंट ओलांडता येत नाही. सहारा तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि तिथे लष्कराचं राज्य. परवानगीशिवाय पुढे पाऊल टाकता येत नसे. त्याच्या खाली ब्रिटिशांचा नायजेरिया, मग पुन्हा फ्रेंच मुलूख, मग बेल्जियमचा काँगो, मग पुन्हा ब्रिटिश. नकाशावर पाहिलं तर वाटेत एकही गाव असं नाही की जिथे जायची परवानगी त्या गावच्या माणसांनी द्यायची होती. सगळे शिक्के लंडन, पॅरिस आणि ब्रसेल्सचे. या दोघी धाडसी होत्या यात शंकाच नाही, पण त्या ज्या दारातून आत गेल्या ते दार त्यांच्यासाठी उघडणारं होतं, हेही विसरून चालणार नाही.

वाळवंट पार करून आगादेझ गाठता गाठता त्यांचं इंजिन पार गेलं. गावात मोटरसायकलचं गॅरेज असण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे त्यांनी इंजिन पूर्ण खोललं आणि पुन्हा बांधलं. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो या प्रसंगाने. कारण ही तयारी १९३४ च्या डिसेंबरात झालेलीच नव्हती! थेरेसा १९२८ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून इंजिनियरिंग शिकायला गेली होती. मुलींनी यंत्राला हात लावला की लोक नाक मुरडत, असा तो काळ. फ्लॉरेन्सने १९३४ मध्येच ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारून दाखवली होती. मोटरसायकलवर हे करणारी ती पहिली स्त्री. ट्रेलरमध्ये काय भरलं याची यादी करता येते, पण त्यांच्या हातात जे होतं ते कुठल्याच यादीत नव्हतं.

आता आमच्या जोडीची तयारी ऐका. त्यांच्या हॉलमध्ये सध्या बसायला जागा नाही, नुसते टायर, ट्यूब, क्लचच्या केबली, चेनच्या कड्या. गाडी लाकडी पेटाऱ्यात बंद करायची, त्याआधी टाकीतलं पेट्रोल काढायचं, बॅटरीची वायर सोडवायची. पीतज्वराची लस घेऊन पिवळं पुस्तक जपून ठेवायचं. आणि सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे 'कार्ने'. हा गाडीचा पासपोर्ट. गाडीच्या किमतीच्या हिशेबाने तारण ठेवायचं तेव्हा तो मिळतो. प्रत्येक देशात शिरताना शिक्का, निघताना शिक्का. निघतानाचा शिक्का राहिला तर गाडी तिथेच विकली असं धरतात आणि त्या देशाची सगळी कस्टम ड्युटी तुमच्या बोकांडी बसते. भाची म्हणाली, "मामा, गाडी हरवली तर एकवेळ चालेल, कार्ने हरवता कामा नये."

वाटेत देश किती? केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका. १९३५ साली यातला एकही देश आजच्या अर्थाने तिथल्या लोकांचा नव्हता. टांगानिका १९६१ मध्ये स्वतंत्र झाला, केनिया १९६३, झांबिया १९६४, बोत्स्वाना १९६६, नामिबिया तर थेट १९९०. आता नाक्यावर शिक्का मारणारा माणूस त्याच मातीतला. तो वेळ लावेल, दोनदा परत पाठवेल. पण परवानगी द्यायचा अधिकार त्याचा आहे, आणि मला तरी हे बरं वाटतं.

आणि आपलं काय? वर्णद्वेषाच्या निषेधार्थ भारताने १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. पुढे कित्येक वर्षं आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका सोडून बाकी देशांसाठी वैध, असं लिहिलेलं असे. १९९३ मध्ये राजनैतिक संबंध पुन्हा जुळले. म्हणजे ताई, तू आणि मी भाचीच्या वयाचे होतो तेव्हा केपटाऊनला जायची गोष्ट बोलण्यातसुद्धा येऊ शकत नव्हती. गाडी होती, रस्ते होते, अंगात रगही होती (माझ्या नसेल, भाऊजींच्या नक्की होती). फक्त दार बंद होतं, आणि ते बंद ठेवण्यात आपल्या देशाची एक भूमिका होती. भाची ज्या दाराशी उभी आहे ते उघडायला कुणीतरी सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलीत.

असो. मी भाचीला समजावलं नाही, फक्त एक विचारलं, "वाटेत गाडी बंद पडली तर काय?" तिने उत्तर दिलं नाही. मागचं चाक काढलं, ट्यूब बाहेर काढली, पंक्चर काढून चाक परत बसवलं. हाताला काळं लागलं होतं, तसाच चहाचा कप घेतला. जावईबापू नुसते बाजूला उभे होते, म्हणजे हे त्यांना नवीन नव्हतं.

थेरेसा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याची निरोप्या म्हणून मोटरसायकल चालवत होती. पुढे अमेरिकेत जाऊन तिने लोकांना मोटरसायकल चालवायला शिकवायची शाळा काढली. १९९९ मध्ये ती गेली. आफ्रिकेच्या प्रवासावरचं तिचं 'द रगेड रोड' हे पुस्तक मात्र २००१ मध्ये आलं, तिच्या मागे. धाडस करून ती तिथेच थांबली नाही, शिकवत राहिली, हे मला फार आवडलं.

ताई, हे तू वाचणार आहेस हे मला ठाऊक आहे. कार्नेवर शिक्के बरेच लागतील, पण घरून निघताना एकच लागतो आणि तो तुझ्याकडे आहे. काळजी तर आपण करणारच, ती काही सुटत नाही. पण रोज रात्री फोन कर अशी अट घालू नकोस. वाटेत दोन-दोन दिवस रेंज नसते म्हणे.