दोन सूत्रधार, दोन मुर्तझा : परांड्यापासून पेमगिरीपर्यंत

१/ लिंकन आणि केनेडी यांच्या आयुष्यांतील साम्यांची यादी आपण अनेकदा वाचली असेल. तितकेच चकित करणारे साम्य दख्खनच्या इतिहासातही आहे. ते आहे मलिक अंबर आणि शहाजीराजे भोसले यांच्यात. त्याचा आरंभ होतो धाराशिव जिल्ह्यातील परांड्याच्या भुईकोटात.

२/ इ.स. १६००. अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. बालसुलतान बहादूर निजामशहा कैद झाला आणि त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. राजधानी गेली, राजाही गेला.

३/ तेव्हा एकेकाळी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने निजामशाही घराण्यातला एक वारस पुढे आणला आणि परांड्यात त्याला तख्तावर बसवले. हा दुसरा मुर्तझा निजामशहा. नाव मुर्तझाचे, कारभार अंबरचा.

४/ आता १६३३. शाहजहानच्या फौजेने दौलताबाद घेतले. पुन्हा एक बालसुलतान, हुसेन निजामशहा, कैद झाला. त्याचीही रवानगी ग्वाल्हेरला!

५/ त्याच सुमारास शहाजीराजांनी त्याच घराण्यातल्या एका लहान मुलाला संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर तख्तावर बसवले. त्याचे नाव? मुर्तझा. इतिहासातला तिसरा मुर्तझा निजामशहा.

६/ यात योगायोग किती? नावाचा, एवढाच. ग्वाल्हेर हा मोगलांचा राजबंद्यांसाठीचा ठरलेला तुरुंग होता. वारसाची गरजही दोघांना सारखीच होती. किल्लेदार आणि वतनदार राजघराण्याच्या नावाला मान देत. बरोबरीच्या सरदाराचा हुकूम ते का मानतील?

७/ शिवाय शहाजीराजांनी अंबरची रीत जवळून पाहिली होती. १६२४च्या भातवडीच्या लढाईत ते अंबरच्याच बाजूने लढले होते. तेव्हा पेमगिरीच्या डावामागे परांड्याचा धडा असणे स्वाभाविक वाटते.

८/ साम्य इथे संपते. अंबरने १६२६मध्ये मरेपर्यंत, तब्बल २६ वर्षे, निजामशाही जिवंत ठेवली. शहाजीराजांचा डाव १६३६मध्येच मोडला. अंबरच्या आरंभीच्या काळात मोगल सलीमचे बंड आणि अकबराचा मृत्यू यांत गुंतले होते, आणि विजापूरचा आधारही त्याला दीर्घकाळ मिळाला.

९/ १६३६मध्ये मात्र शाहजहान स्वतः दख्खनेत उतरला. विजापूरने त्याच्याशी तह केला आणि निजामशाही मुलूख दोघांनी वाटून घेतला. माहुलीच्या किल्ल्यात कोंडीत सापडलेल्या शहाजीराजांना बालसुलतान मोगलांच्या हवाली करावा लागला.

१०/ हे घडले तेव्हा शिवाजी महाराज लहान होते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर त्यांनी छत्र धरले ते स्वतःच्या नावाने. कोण्या मुर्तझाचा शोध त्यांनी घेतला नाही. परांड्याला जाल तेव्हा तटावर उभे राहून हा सारा प्रवास एकदा आठवून पाहा.