नकाराधिकार कुणाच्या हाती?

भंडारदऱ्याच्या धरणाला इंग्रजांनी विल्सन डॅम हे नाव दिले. हे विल्सन म्हणजे १९२३ ते १९२८ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर लेस्ली विल्सन. प्रवरेवरच्या या दगडी धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ च्या डिसेंबरात त्यांच्याच हस्ते ते खुले झाले. सुमारे अकरा टीएमसी पाणी अडवणारी ही भिंत पाहताना आपण बांधणाऱ्यांचे कौतुक करतो, आणि ते रास्तही आहे. पण विल्सनसाहेबांच्या हाती आणखी एक भिंत होती. ती दिसत नसे. तिचे नाव नकाराधिकार. वर्तमानपत्रांच्या भाषेत व्हेटो.

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य अशी खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे गेली. जमीनमहसूल, पोलीस आणि पाटबंधारे ही खाती मात्र 'राखीव' राहिली. कायदेमंडळाने एखादे विधेयक मंजूर केले तरी गव्हर्नर संमती नाकारू शकत असे. राखीव खात्याची मागणी सभासदांनी फेटाळली, तर ती आवश्यक असल्याचा दाखला देऊन तो खर्च पुन्हा मंजूर करून घेत असे. लोकांच्या 'हो'ला त्याचा 'नाही' आणि लोकांच्या 'नाही'ला त्याचा 'हो' भारी पडे. व्हाइसरॉयकडेही असाच अधिकार होता. १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचा विरोध डावलून मिठावरचा कर दुप्पट झाला, तो याच अधिकाराच्या बळावर.

गंमत अशी की व्हेटो हे मुळात दुबळ्यांचे हत्यार होते. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'मी मनाई करतो'. प्राचीन रोममध्ये सामान्य जनतेचे प्रतिनिधी, ट्रिब्यून, उमरावांच्या अन्यायी हुकमाला अशी मनाई करीत. पुढे ऑगस्टस बादशहाने ट्रिब्यूनचे अधिकार स्वतःकडे घेतले. गरिबांच्या रक्षणासाठी घडवलेली ढाल तख्ताच्या मालकीची झाली. नकाराधिकाराचा पुढचा सारा इतिहास बहुतांशी याच वाटेने गेलेला दिसतो.

दुबळ्यांच्या हाती ती ढाल परत देण्याचा एक प्रयत्न आपल्याही इतिहासात झाला. डिसेंबर १९१६ मध्ये काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात लखनौ करार झाला. टिळक आणि जिना या दोघांचा त्यात मोठा वाटा होता. विभक्त मतदारसंघांमुळे तो लक्षात राहिला. पण त्यात आणखी एक कलम होते. एखाद्या समाजाशी संबंधित विधेयकाला त्या समाजाच्या तीन चतुर्थांश सभासदांनी विरोध केला, तर ते पुढे न्यायचे नाही. हे कलम मुसलमानांना जसे लागू होते तसेच हिंदूंनाही. संख्येने कमी असणाऱ्याला 'आम्हाला विचारल्याशिवाय आमच्याविषयी ठरवू नका' असे म्हणता यावे, एवढाच त्याचा आशय. १९१९ च्या कायद्याने विभक्त मतदारसंघ उचलले. अंतिम नकार मात्र गव्हर्नरच्याच खिशात राहिला. स्वतंत्र भारताच्या घटनेने वेगळा मार्ग पत्करला. कोणत्याही समाजाला व्हेटो न देता तिने मूलभूत हक्क दिले आणि दाद मागायला न्यायालय दिले.

आता पुन्हा सह्याद्रीकडे येऊ. भंडारदऱ्याच्या परिसरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची जुनी वस्ती आहे. तळे भरले तेव्हा वरच्या दरीतली जमीन बुडाली आणि खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शिवारात ऊस उभा राहिला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्यासाठी कोर्टात भांडायची सोय होती. 'जमीन देत नाही' म्हणण्याची नव्हती. त्याच काळात मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी हे वाक्य उच्चारले. एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. पण धरण झालेच. कायद्याचा आधार नसलेला नकार कितीही खरा असला, तरी पाण्याखाली जातो.

हेच चित्र जगाच्या पातळीवर १९४५ मध्ये उभे राहिले. सनदेने सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सभासदांना नकाराधिकार दिला. या अधिकाराचा लाभ आपणही घेतला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव परिषदेत आला. बाजूने सात मते पडली, विरोधात चार. ठराव मंजूर व्हायला सात पुरेशी होती. सोव्हिएत युनियनच्या नकाराने तो पडला. विरोध करणाऱ्या चौघांत श्रीलंका, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे इजिप्तही होते. पण त्यांच्या मतांनी ठराव अडला नसता. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. मराठी-कोकणी मुलखात तेव्हा आनंद झाला. पण १८ एप्रिल २०२४ रोजी पॅलेस्टाईनच्या पूर्ण सभासदत्वाच्या बाजूने बारा मते पडली, दोन देश तटस्थ राहिले आणि अमेरिकेच्या एका हाताने सारे थांबवले. अधिकार तोच, निकाल वेगळा. म्हणून व्हेटो चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. नकार देणाऱ्याचे स्वतःचे काय पणाला लागले आहे, हे विचारले पाहिजे. मॉस्कोचे घर गोव्यात नव्हते आणि वॉशिंग्टनचे गाझात नाही.

या कसोटीवर उतरणारा नकार आपल्याच देशात, उशिरा का होईना, कायद्यात आला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला भूसंपादनापूर्वी सल्ल्याचा हक्क मिळाला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्या क्षेत्रात तिची पूर्वसंमती आवश्यक ठरवली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ओडिशातल्या नियमगिरीत बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. अकोले तालुक्यातली डोंगरी गावेही अनुसूचित क्षेत्रात येतात. १९१० मध्ये तिथल्या माणसाला जे वाक्य उच्चारायची मुभा नव्हती, ते आज त्याची ग्रामसभा ठरावात लिहू शकते. अर्थात ठराव लिहिणे आणि तो टिकवणे यात अंतर असते. बनावट सह्या, घाईची सभा, गैरहजर कोरम या वाटांनी तोही हिरावून घेता येतो. रोमच्या ट्रिब्यूनची ढाल बादशहाने एका दिवसात पळवली नव्हती. लोकांचे लक्ष ढळले, तेव्हा ती गेली.